कुलूपकाका आणि वरचा लेअर

कुलूपकाका हे नाव त्यांना काही उगाच पडलं नव्हतं. त्यांच्या खणाला कुलूप, डब्याच्या पिशवीला चिमुकलं कुलूप, आणि संगणकावरच्या कामात प्रत्येक लेअरला कुलूप. हात धुवायला जायचं तरी खुर्ची टेबलाशी तिरकी लावून जायचे. परत आले की आधी खुर्ची बघायचे, मग आमची तोंडं.

आमचा स्टुडिओ म्हणजे एका दुकानावरच्या तीन खोल्या. जाहिराती करतो. मी आवाज बसवते, काका चित्रं हलती करतात. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून आम्ही इतकी वर्षं काढली, की त्यांच्या खोकल्यावरून मला त्यांचा मूड कळायचा. पण त्यांची स्क्रीन मी कधी धड पाहिली नाही. तिच्या तिन्ही बाजूंनी त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापून कुंपण घातलं होतं. "कल्पना चोरीला जातात, बाई," असं म्हणायचे. आता साबणाच्या जाहिरातीतली कल्पना चोरून मी काय करणार होते, देव जाणे.

कामात मात्र माणूस पक्का. मागे आकाश, त्यावर इमारत, मग माणूस, मग बाटली आणि सगळ्यात वर मालाचं नाव, असे चित्राचे पापुद्रे. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक लेअर. काका प्रत्येकाला वेगळा इफेक्ट द्यायचे. आकाश जरासं धूसर, बाटलीला चमक, अक्षरांना सावली. सगळ्यांच्या वर एक रिकामा लेअर टाकून त्यालाच इफेक्ट दिला, की तो खालच्या सगळ्यांवर एकदम पडतो. आळशी लोक तसंच करतात. काकांना त्याचा भयंकर तिटकारा. "अख्ख्या वॉर्डाला एकच गोळी द्यायची का? ज्याचं दुखणं त्यालाच औषध."

मग मालकांनी नवी मुलगी ठेवली. तिला आम्ही नवी म्हणायचो, आणि अजूनही म्हणतो. काकांनी पूर्ण केलेली फाईल आपल्या संगणकावर घ्यायची, पक्की करायची आणि गिऱ्हाइकाला पाठवायची, एवढंच तिचं काम. आधी हे मालक स्वतःच करायचे. एवढ्याशा कामाला वेगळं माणूस कशाला, हे मलाही कळेना.

"माझ्या खुर्चीवर डोळा आहे तिचा," काका दबक्या आवाजात म्हणाले. "आधी फाईल हातात घेणार, मग खुर्ची. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, बाई?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मुलगी फार गोड बोलायची. फार गोड बोलणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही.

त्या दिवसांत काकांना सगळीकडेच काळंबेरं दिसायला लागलं होतं. धोबी साबण वाचवतो, म्हणून शर्ट पिवळे पडतात. बायको स्वस्तातले मंद दिवे आणते आणि उरलेले पैसे बाजूला टाकते. रंगाऱ्याने भिंतीला पांढरा सांगून पिवळट रंग फासला. काकूंचा मला फोन यायचा. "अहो, परवा दिव्यावरून दोन दिवस अबोला. तुम्ही तरी समजवा त्यांना." मी कसली समजावणार? माझ्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा ते संशयाने न्याहाळायचे.

एका सकाळी ते धापा टाकत आले. चौकातल्या दुकानात टीव्हीवर आमचीच शाम्पूची जाहिरात लागली होती.

"बाई, ते माझं काम नाही! पाणी गढूळ, पिवळट. अक्षरांची धार गेलेली. मी असलं देईन का? कुणीतरी माझ्या लेअरना हात लावतंय."

"गिऱ्हाइकाने तर कौतुक केलं."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय! आणि कोण लावतंय, ते सांगायला नको."

जेवणाच्या सुट्टीत नवी खाली गेली. काका उठले, तिच्या संगणकापाशी बसले आणि मला बोटाने बोलावलं. मी गेले. चोरून बघायला कुणाला आवडत नाही?

त्यांनी शाम्पूची पाठवलेली फाईल उघडली. सगळे लेअर जिथल्या तिथे, कुलुपं शाबूत. काका स्क्रीनला नाक टेकेपर्यंत वाकले, आणि एकदम ताठ झाले.

"नंबर बघा. प्रत्येक लेअरला नंबर असतो, वरून खाली. नाव सगळ्यात वर, म्हणजे त्याचा नंबर एक हवा. इथे काय आहे?"

"दोन."

"मग एक नंबर गेला कुठे?"

त्यांनी एक बटण दाबलं. यादीतून लेअर लपवायची सोय असते. लपवला तरी त्याचं काम चालूच राहतं. बटण दाबताच नावाच्या डोक्यावर एक लेअर उगवला. रिकामा, बिननावाचा, आणि त्याच्यावर ओळीने इफेक्ट लावलेले.

"सापडली!" काका इतके खूश झाले की टाळी वाजवायचेच बाकी होते. त्यांनी तो लेअर बंद केला. "आता बघा. हे माझं काम. कसं स्वच्छ दिसतंय!"

मी वाकून बघितलं.

सगळं चित्र निळंशार होतं. बाईचे दात निळे, कपाळ निळं, पाण्यात जणू दौत सांडलेली. अक्षरांच्या कडा इतक्या खरखरीत की डोळ्यांना टोचत होत्या. आणि हे एका फटक्यात झालेलं नव्हतं. आकाश, बाई, बाटली, एकेका लेअरला काकांनी मन लावून वेगवेगळं निळं केलं होतं, वेगवेगळी धार लावली होती.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला दात कसे दिसतात?"

"पांढरेशुभ्र."

मला शर्ट आठवले, दिवे आठवले, भिंत आठवली. राग आला, कुणाचा ते कळेना.

काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पुरावा हवा म्हणून ते जुन्या फायली उघडत सुटले होते. बिस्किटांची उघडली, तिथेही नाव दोन नंबरवर. पंख्यांची, तिथेही तेच. मग त्यांचा हात थबकला.

"ही तर गेल्या वर्षीची," ते हळूच म्हणाले. "तेव्हा ती कुठे होती?"

तेव्हा फायली मालक पाठवायचे.

मालक दारातच उभे होते, त्यांच्या मागे नवी. कधी आले, कळलंच नाही.

"साहेब, तुम्ही?" काकांचा आवाज फाटला. "पोरगी आणलीत ती माझी जागा घ्यायला नाही?"

"ती तुमची जागा राखायला आणली, काका. आधी मीच वरून रंग दुरुस्त करायचो, पण मला ते नीट जमेना. दर वेळी तुमचं निळं वाढत होतं."

"मग मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं. डोळे एकदा दाखवून या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, काढायचं असेल तर सरळ काढा. पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. मग तुम्हाला सांगायचं कुणी? आणि कसं?"

नवी रडवेली झाली होती. "मी तुमच्या एकाही लेअरला हात लावला नाही, काका. फक्त वरून टाकला. नको असेल तर एका बटणात निघतो."

काकांनी उघडलेल्या फायली एकेक करून बंद केल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे माझा संशय खराच होता. हात लावतच होते." आणि डोळे पुसले.

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. त्यातून सगळं पिवळट आणि पुसट दिसत होतं, म्हणून ते निळं आणि धार वाढवत गेले होते. इतका पिकलेला की डॉक्टरांनी काकूंनाच फैलावर घेतलं, आणि काकूंनी, इतक्या वर्षांची उधारी असावी तसं, ते सगळं काकांवर काढलं.

शस्त्रक्रिया करून परत आले ते आधी खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. "भिंत पांढरीच आहे की," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बाई, तुम्ही केस रंगवता?" मी हेडफोन कानाला लावला. काही गोष्टी न दिसलेल्याच बऱ्या.

मग त्यांनी शाम्पूची फाईल उघडली, वरचा लेअर बंद केला आणि बाईच्या निळ्या दातांवर बोट ठेवलं. म्हणाले, "एवढं निळं? आणि मला कुणी हसलं नाही?"

"नाही," नवी म्हणाली.

त्यांनी तो लेअर पुन्हा चालू केला. पुसला नाही, लपवलाही नाही. पुठ्ठ्याचं कुंपण उपटून कचऱ्यात टाकलं, आणि तिला म्हणाले, "चल पोरी, चहा पाजतो."

स्क्रीन उघडी, खण उघडा, खुर्ची कशीही ठेवून काका निघाले. जिन्यात पावलं वाजली, थांबली, आणि परत वर आली. दारातून डोकं आत आलं. त्यांनी खुर्ची बघितली, मग माझं तोंड.

"काही नाही," म्हणाले, "आता नीट दिसतं, म्हणून बघितलं." आणि गेले.