निळ्याच्या जागी हिरवा

शाळेत त्यांना सगळे रंगबाई म्हणत. तसं बालवर्गाला त्या सगळंच शिकवायच्या. गाणी, आकडे, बुटाचे बंद बांधणं, दुसऱ्याचा डबा न उघडणं, स्वतःचं नाक स्वतः पुसणं. पण पोरांच्या लक्षात राहायचा तो रंगांचा दिवस. शाळा सोडून कधीच मोठी झालेली पोरंसुद्धा रस्त्यात भेटली की विचारायची, "बाई, त्या पिशव्या अजून करता का हो?"

त्या पिशव्या म्हणजे जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या. एका कोपऱ्यात चमचाभर पिवळा रंग, दुसऱ्या कोपऱ्यात चमचाभर निळा. तोंड चिकटपट्टीने घट्ट बंद करायचं आणि पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर पिशवी खिडकीच्या काचेला चिकटवायची. मग प्रत्येकानं आपापल्या पिशवीवर बोटं दाबत रंग एकमेकांकडे ढकलायचे. हात माखत नाहीत, भिंती वाचतात, आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींची बोलणीही बसत नाहीत. बाई फक्त मागे उभ्या राहून विचारायच्या, "काय होईल बरं?" उत्तर त्या कधीच सांगायच्या नाहीत. कुणीतरी एक पोर ओरडायचं, "अय्या, हिरवा!" आणि मग सगळ्या वर्गात जणू फटाक्यांची माळ लागायची.

त्या वर्षी ती माळ पेटलीच नाही.

पोरं पिशव्या दाबत होती, पण कुणी ओरडेना. वर्गात एक मुलगी होती. प्रत्येक गोष्टीवर तिचं काहीतरी म्हणणं असायचं, म्हणून बाईंनीच तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. ती कमरेवर हात ठेवून वळली आणि म्हणाली, "बाई, ही फसवाफसवी आहे."

"का गं?"

"तुम्ही आधीच हिरवा घातलाय. मग हिरवा होणारच की!"

"अगं, निळा आहे तो. नीट बघ."

"हिरवा!" वकीलबाई म्हणाली.

"हिरवा, हिरवा!" सगळा वर्ग तिच्या बाजूनं उभा राहिला.

बाई हसल्या. पोरं चेष्टा करताहेत असं त्यांना वाटलं. एवढ्यात मावशी पाण्याची बादली घेऊन आत आल्या. बाईंनी त्यांनाच साक्षीला बोलावलं. मावशींनी खिडकीकडे पाहिलं, टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, हिरवाच आहे हो. निळी बाटली ती पलीकडची."

दोन्ही बाटल्या बाईंनी उजेडात शेजारी शेजारी धरल्या. एक जराशी गडद, एक जराशी फिकी, एवढाच फरक. "चला, आज गाणी म्हणू या," म्हणत त्यांनी कसाबसा तास संपवला.

दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर त्यानं डोळे चोळले असते आणि सोडून दिलं असतं. पण बाईंना आठवली ती आई. त्यांची आई मोठी हुशार बाई. नात्यागोत्यातल्या प्रत्येकाची सगळी माहिती तिच्या जिभेवर. शेवटच्या वर्षांत मात्र तिचं एकेक नाव गळत गेलं. आधी चमच्याला कंगवा म्हणू लागली, मग दाराला खिडकी, आणि एके दिवशी लेकीलाच विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" ते सगळं अशाच छोट्या छोट्या चुकांनी सुरू झालं होतं.

आता मागचं एकेक आठवायला लागलं. एका पायात काळा आणि एका पायात गडद निळा मोजा घालून त्या शाळेत गेल्या होत्या. मुख्याध्यापिकांच्या नव्या जांभळ्या साडीला "चॉकलेटी छान दिसतो तुम्हाला" म्हणाल्या होत्या. तेव्हा दिव्यावर ढकललं होतं, ढगाळ हवेवर ढकललं होतं.

मग बाईंनी स्वतःचीच परीक्षा घेणं आरंभलं. भाजी चिरताना एकोणीसचा पाढा उलटा म्हणायच्या. सगळ्या वर्गाची नावं, त्यांच्या आयांची नावं, कोण कोणाचं भावंड, सगळं घडाघडा यायचं. पण त्यानं समाधान होईना. आज आलं, उद्याचं काय? पोरं रोज विचारायची, "बाई, रंग कधी?" आणि मुलांशी कधी खोटं न बोललेल्या बाई रोज म्हणायच्या, "उद्या."

त्यांचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. शाळेतून आल्यावर बाई तासभर त्यांच्या हाताखाली बसायच्या. काज करायचे, बटणं लावायची, कापडाला जुळणारं रीळ काढून द्यायचं. रीळ जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

त्या दिवशी त्यांनी एका विजारीसाठी रीळ काढून दिलं. यजमानांनी ते घेतलं, क्षणभर हातात धरलं, आणि उठून फळीवरून दुसरं घेतलं.

"का हो?"

"हा दोरा जरा तुटतो गं."

रीळ कोरं करकरीत होतं. वरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. बाई त्या रिळाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोणता दिला होता मी?"

मशीन थांबलं. "काळा."

"आणि कापड?"

"निळं."

"हे कधीपासून चाललंय?"

"बरेच दिवस." यजमान मान खाली घालून कापड सारखं करत होते. ते आधीच सारखं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईचं सगळं बघितलंय मी," ते म्हणाले. "मला वाटलं, बोललो की खरं होईल."

इतके दिवस दोघंही एकच भीती पोटात घेऊन एकाच छपराखाली वावरत होती, आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. बाईंना रडू आलं, पण त्या रडण्यात निम्मं ओझंही उतरलं. यजमानांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. "चल, उठ," ते म्हणाले. "आत्ताच जाऊ डॉक्टरकडे. काय असेल ते असेल."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बाईंनी सगळं सांगितलं, अगदी आईपासून. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले. बाईंनी आकडे म्हटले आणि विचारलं, "एकोणीसचा पाढाही म्हणू का?"

"नको, तो मलाच येत नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "काकू, चुकतं ते नेमकं काय काय, सांगा बरं."

"निळ्याच्या जागी हिरवा. निळ्याच्या जागी काळा. जांभळ्याला चॉकलेटी म्हटलं."

"कुणाचं नाव चुकलं? रस्ता चुकला? गॅस चालू राहिला?"

"नाही."

"म्हणजे फक्त रंगच?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीचा बारीक झोत त्यांच्या एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या," त्या म्हणाल्या, "पण मला तर हा मोतीबिंदू दिसतोय. चांगला पिकलाय. डोकं तुमचं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"फक्त मोतीबिंदू?" बाईंनी असं विचारलं की जणू बक्षीस लागलंय. "नक्की? दुसरं काही नाही ना?"

"तुम्हाला दुसरं काही हवंय का?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या जोरजोरात हसायला लागल्या. शेजारी यजमान खिशात रुमाल शोधत होते. तो सापडेना, तेव्हा गळ्यात राहिलेल्या मापाच्या फितीनंच त्यांनी डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळट पडत जातं. इतक्या सावकाश की माणसाला कळतही नाही. कडक चहाच्या ग्लासातून जग बघावं तसं होतं.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "म्हणजे भिंग पिवळं. त्यातून मी निळं बघते." आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. "अहो, हिरवंच दिसणार की! पिशवी माझ्या डोळ्यातच होती!"

डॉक्टरीणबाईंना पिशवी म्हणजे काय ते कळलं नाही. यजमानांना कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली तेव्हा समोर यजमान उभे होते. बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "दिसतंय ना?"

"हा शर्ट निळा आहे?"

"मग?"

"मी राखाडी समजत होते. म्हटलं, यांना कुणी असला उदास शर्ट घालायला सांगितला!"

"तूच. कापड तूच काढून दिलं होतंस."

घरी आल्यावर त्या डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून, सगळ्या खोल्यांतून हिंडल्या. एका डोळ्यानं चादर पिवळट, दुसऱ्यानं पांढरीशुभ्र. ओट्याखालच्या फरशीवरचे डागही दिसले, आणि ते बघून त्यांना इतका आनंद झाला की त्या घासतच बसणार होत्या. यजमानांनी हाताला धरून उठवलं, डॉक्टरांनी वाकायला मना केलंय म्हणून. आरशानंही काही लपवलं नाही. "म्हातारी झाले की हो मी," त्या म्हणाल्या. पण त्या तक्रारीत काही दम नव्हता.

शाळेत परत गेल्या त्या दिवशी पोरं गराडा घालून उभी राहिली. बाई खाली चटईवर बसल्या.

"त्या दिवशी वकीलबाई बरोबर होती," त्या म्हणाल्या. "रंग हिरवाच होता. माझ्या डोळ्याचं भिंग पिवळं झालं होतं, म्हणून मला कळलं नाही. आता डॉक्टरांनी नवं बसवलंय."

पोरं गुडघ्यांवर रांगत जवळ आली आणि त्यांच्या डोळ्यात डोकावून बघू लागली. "दुखलं का?" एकानं विचारलं. "आमचं पण पिवळं होणार?" दुसऱ्यानं विचारलं. वकीलबाईचं मात्र नुसत्या सांगण्यानं समाधान होणार नव्हतं. तिनं कपाटातून बाटल्या आणून चटईवर मांडल्या.

"हा कोणता?"

"निळा."

"आणि हा?"

"हिरवा."

"हा?"

"जांभळा. काय सुंदर जांभळा आहे गं!"

प्रत्येक उत्तराला टाळ्या पडत होत्या. पोरांचा कल्ला इतका वाढला की मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललंय काय?"

"माझी परीक्षा," बाई हसत म्हणाल्या.

"मग? झालात का पास?"

बाईंनी उत्तर देण्याआधीच वकीलबाई मान न वळवता म्हणाली, "अजून एक बाटली राहिलीये."