मागच्या दाराशी बसलेली सिंधू

बातमी आली तेव्हा मी गिरणीवर दळण घेऊन उभी होते आणि सिंधूचाच किस्सा रंगवत होते... की तिची पुरणपोळी इतकी पातळ, तिच्यातून अदिलाबादची बस येताना दिसते. बाया हसत होत्या. तेवढ्यात तिच्या सुनेचा फोन आला, सिंधू गेली म्हणून. मला गप्प झालेली पाहून गिरणीवालाही घाबरला. असं आमच्या तामसीत आजवर घडलं नव्हतं.

पाळी गेली आणि सिंधूचं नशीब उजळलं. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सोवळ्यातला. ज्या बाईची पाळी बंद झाली तिचा हात बिनधोक. त्यात हिच्या हाताला अशी चव, की पंगतीतला मुकाही "अजून वाढा" म्हणेल. गल्लीतल्या घराघरातून बोलावणं. सासूनं जन्मभर महिन्याच्या महिन्याला बाहेर बसवलेली ही बाई आता त्याच सासूच्या देवघरात कलेक्टरसारखी वावरायची.

दोन वर्षांमागे आम्ही दोघी अदिलाबादला गर्भपिशवीच्या तोंडाची, कॅन्सरची तपासणी करायला गेलो. मी इतकी थरथरत होते, की ड्रायव्हरला वाटलं इंजिन बिघडलं. सिंधूनंच हात धरून नेलं. आत नर्सबाईनं विचारलं, अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसतं का. मग बारक्या ब्रशानं नमुना घेतला. पोळी उलटायला याहून जास्त वेळ लागतो. माझ्यानंतर सिंधू पडद्याच्या आत गेली आणि थोड्या वेळानं पदर सारखा करत बाहेर आली.

"झालं माझं," म्हणाली. "उगीच भेत होती तू."

परतीच्या बसमध्ये आम्ही भजी खाल्ली, आणि मी गावभर सांगत सुटले, सिंधूकडून शिका.

खरं कळलं ते दवाखान्यातल्या खाटेवर ती चिमणीएवढी झाल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणून गेल्या होत्या, दोन वर्षं आधी आली असती तर बरंच काही करता आलं असतं. मी सिंधूला म्हटलं, तपासणी तर केली होती. सिंधूनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नाई केली बाई. पडद्यामागून निसटून मागच्या दाराशी बसून राह्यली होती."

"काऊन?"

"तवाच डाग दिसून राह्यले होते. त्या बाईनं इचारलं असतं, तर खोटं बोलता नसतं आलं. अन खरं बोलली असती, तर साऱ्या गल्लीच्या महालक्ष्म्या बाटल्या नसत्या का?"

खोटं बोलता नसतं आलं म्हणे... माझ्याशी बरं आलं! मी जन्मभर थापा मारल्या, पण माझ्या थापेनं कोंबडीसुद्धा मेली नाही. तिनं एकच मारली. मला.

आणि ज्या देवीशेजारी आपण तिची लेकरं मांडतो, ती काय डागांना भिणार होती?

परवा तिच्या घरी गेले. मागच्या खोलीत उंच दांडीवर तिचं सोवळ्याचं लुगडं तसंच होतं, काठीनं टाकलेलं, कुणाचा हात लागू नये म्हणून. सून दांडीखालीच उभी होती.

"मावशी, तुमी उतरवा. माही पाळी चालू हाय."

"तूच उतरव. हातानं."

तिनं स्टुलावर चढून ते उतरवलं. घडी घालताना आतल्या बाजूला एक डाग दिसला... पुन्हापुन्हा धुऊन पुसट झालेला.

"पाळी सरली की सांग," मी म्हटलं. "आपन दवाखान्यात जाऊ. अन मी पडद्याच्या आत येईन."