पान्ह्याचा निरोप

माझ्या बायकोच्या मामांइतका माणसाच्या डोक्यातल्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मामांनी कुठल्याशा मासिकात न्यूरोपेप्टाइडांबद्दल वाचलं आणि तेव्हापासून राग, भूक, दुखणं, माया, सगळ्याचं मूळ त्यांना तिथेच सापडू लागलं. मेंदू या बारक्या रेणूंकरवी अंगाला निरोप धाडतो आणि निरोप चुकला की माणूस आजारी पडतो, हे ते पानटपरीवरही समजावून सांगत. त्यांच्या गावाने, शिनोलीने, त्यांचं नाव 'पेपटाइट मामा' करून टाकलं. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायचे, "थांबा, आता डोक्यातनं दुखणं मारायचा निरोप सुटंल." घोडेगावच्या एसटीत खिडकीवरून दोघांची जुंपली, तेव्हा हे मध्ये उभे राहिले. "राव, दोष तुमचा न्हाई, निरोपाचा हाय." भांडण लगेच मिटलं, कारण दोघेही मिळून मामांवर ओरडू लागले.

त्यांना हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असे, हे लिहितानाही लाज वाटते. येडगावला आमच्या घरी म्हशीचं रेडकू मेलं आणि ती पान्हा सोडेना. तेव्हा गोठ्यागोठ्यांत पान्हा सोडायला लावणारी ऑक्सिटोसिनची सुई चाले, मीही टोचू लागलो. मामा पाहुणे आले ते थेट गोठ्यात शिरले. "पावणं, ह्योच निरोप तिचा मेंदू सवताहून धाडतोय. जरा मायेनं घ्या की." मग अर्धा तास म्हशीची मान खाजवत बसले. दूध निघालं खरं, पण तोवर तिने त्यांच्या सदऱ्याची बाही चघळून टाकली होती. मी महिनाभर त्या बाहीची गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलो. सुई काही सोडली नाही.

बायकोला आई नव्हती, मामांनीच वाढवलेलं. म्हणून पहिलं बाळंतपण शिनोलीला त्यांच्या घरी झालं. चौथ्या दिवशी मी आईला, बहिणींना घेऊन गेलो. दूध उतरत नव्हतं, पोर रडून निळी पडत होती आणि बायाबापड्या सल्ल्यावर सल्ले देत होत्या. मला विनोद सुचला. म्हटलं, "गोठ्यातली सुई आणायला पाहिजे व्हती." सगळे खो खो हसले. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मामा उठले. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारात मला हळूच म्हणाले, "भ्यालीय ती. भ्यालेल्या जिवाला पान्हा फुटत न्हाई. बसा तिच्याजवळ." मी पोरीला उघड्या अंगानेच बायकोच्या छातीशी ठेवलं आणि बायकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. बायको हमसून रडली. बऱ्याच वेळाने पोरीचा घोट घेतल्याचा आवाज आला. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हशीला तरी तुमी असं हसला नसता."

पुढे मामा ही गोष्ट गावभर सांगायचे. "आमच्या पावण्यांनी मायेनं हात फिरवला आन् पान्हा फुटला!" माझा विनोद त्यांनी दरवेळी गाळला आणि मी एकदाही दुरुस्ती केली नाही. मामांच्या दहाव्याला कुणीतरी तीच गोष्ट काढली, चारजण माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. बायको समोरच बसली होती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.