कोचाची राखण

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या आमच्या कामथडीत कुत्र्यांवर खेकसणारी माणसं घरोघर होती. पण एका लंगड्या कुत्र्याकडून रोज हार खायची आणि रोज गावाला स्वतःचा विजय ऐकवायचा, असा माणूस उभ्या भोर संस्थानात एकच असेल, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मी त्यांना मामंजी म्हणत असे. ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मामंजींनी पुण्याला लष्करात एका बड्या साहेबाच्या बंगल्यावर तीस वर्षं पट्टेवाला म्हणून काढली होती. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि कुणी घड्याळ घेतलं, कुणी काचसामान घेतलं. मामंजींनी दिवाणखान्यातला कोच घेतला. हिरव्या मखमलीचा, लाकडी हातांना सिंहाचे पंजे असलेला, तीन माणसांचा कोच. ज्या घरात पाहुण्याला घोंगडी आणि जावयाला पाट, एवढीच बैठक ठाऊक होती, त्या घरात तो मालमोटारीतून आला. दारातून आत शिरेना, म्हणून मामंजींनी दाराची चौकट काढवली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की आपण लग्न होऊन आलो तेव्हा आपल्यासाठी कुणी साधी कडीदेखील काढली नव्हती.

कोच सोप्यात मांडला गेला आणि त्यावर बसायची सगळ्यांना बंदी झाली. मुलांना बंदी, बायकांना बंदी, पाहुण्यांना तर हात लावायचीही बंदी. आधी बसणार मामंजी. त्यांनी ती इच्छा काही लपवून ठेवली नव्हती. तीस वर्षं त्या कोचापाशी उभं राहिलो, आता पेन्शनीत त्याच्यावर टेकायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण मुहूर्त काही लागेना. सोपा सारवून होऊ दे, मग बसतो. नवं धोतर येऊ दे, मग बसतो. संक्रांत होऊ दे. दरम्यान ते स्वतः कोचासमोर जमिनीवर मांडी घालून त्याच्यावर नजर ठेवून बसत. माशी बसली तरी पंच्यानं वारत.

असा तो कोच कोरा करकरीत असताना खंड्या आला. भातं निघाल्यावर धनगर कोकणात उतरायला निघत, तेव्हा वाटेत आमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवत. शेताला खत होई आणि त्यांना धान्य मिळे. त्या वर्षी म्हाताऱ्या धनगराच्या कुत्र्याच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. एवढा घाट त्याला चालवेना. म्हाताऱ्यानं आपली जुनी घोंगडी आणि ते कुत्रं मामंजींच्या हवाली केलं आणि येत्या जेठात परत येतो, तोवर सांभाळा म्हणाला. मामंजींनी मोठ्या जबाबदारीनं मान हलवली. साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी चार-चार विलायती कुत्री सांभाळली होती म्हणे. धनगराची पाठ वळली मात्र, खंड्यानं तीन पायांवर सोप्याची पायरी चढून एक वळसा घेतला आणि जिथं मामंजी तीन महिन्यांत टेकले नव्हते तिथं अंग टाकून दिलं.

मामंजींनी त्याला प्रथम साहेबाच्या भाषेत समजावलं. “गेट डौन,” ते म्हणाले. खंड्यानं डोळे मिटले. “निकल जाव,” असं हिंदुस्थानीतही सांगून झालं. खंड्याला धनगराची शीळ तेवढी कळे, आणि मामंजींचे दात गेलेले, त्यांना शीळ वाजवता येईना. कुत्र्याच्या अंगावर हात टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, शिवाय ते दुसऱ्याची ठेव. शेवटी भाकरीचा तुकडा दाखवून त्याला उतरवावं लागलं, आणि कोचावर चढलं की भाकरी मिळते एवढं मात्र खंड्याला पहिल्याच दिवशी पक्कं समजलं.

मग उपाय सुरू झाले. कोचावर पाटा-वरवंटा ठेवून पाहिला. खंड्या उरलेल्या जागेत मावला, आणि आत्याबाईंना वाटण वाटायला दरवेळी पाटा मागून आणावा लागला. मिरचीची पूड भुरभुरून पाहिली. खंड्या एकदा हुंगून दुसऱ्या टोकाला सरकला आणि मामंजी दिवसभर शिंकत राहिले. तरी संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन त्यांनी अर्धा कोच मोकळा केल्याचं जाहीर केलंच. त्यानंतर त्यांनी बोरीच्या काट्या आणल्या आणि कोचाभोवती चांगलं कमरेएवढं कुंपण घातलं. आता मेंढरांभोवतीच्या काट्यांच्या वाडग्यात जन्म काढलेल्या कुत्र्याला काट्यांचं काय कौतुक असणार? खंड्याला उलट घरी आल्यासारखं वाटलं असावं, कारण त्या दिवशी तो पहिल्यांदा घोरला. माझी मात्र दोन लुगडी फाटली. आत्याबाई एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “तीस वरसं सायबाच्या दारात हुबा ऱ्हायला. आता कुत्र्याच्या दारात हुबा ऱ्हातूय.”

या सगळ्यात कोचाची मखमल केसांनी भरून गेली. मामंजींना झोप लागेना. अखेर त्यांना जी युक्ती सुचली तिचा त्यांना स्वतःलाच एवढा अभिमान वाटला की ती सांगायला ते नसरापूरच्या बाजारात जाऊन आले. धनगराची ती जुनी घोंगडी त्यांनी कोचावर पसरली. कुत्रं चढलं तरी केस घोंगडीला, कोच आतून नवाच्या नवा. बसायचं तेव्हा घोंगडी काढायची, झटकायची आणि बसायचं. मलादेखील ते पटलं, हे कबूल करते.

घोंगडी पसरली आणि खंड्याचं वागणंच पालटलं. आतापर्यंत तो भाकरीच्या तुकड्याला तरी उतरे. आता भाकरी तिथंच नेऊन द्यावी लागे. घोंगडीच्या कोपऱ्याला कुणी हात लावला की तो दात दाखवी, आणि मामंजी जवळ आले तर थोडे जास्त दाखवी. त्याच पंधरवड्यात माझे वडील वरव्याहून मला भेटायला आले. व्याह्यांना कोचावर बसवून आपली शान दाखवायची म्हणून मामंजींनी काट्या बाजूला केल्या, घोंगडी ओढायला वाकले, आणि तसेच सावकाश सरळ झाले. मग माझे वडील जमिनीवर, मामंजी जमिनीवर आणि दोघांच्या डोक्यावर खंड्या, अशी ती भेट पार पडली. वडिलांनी दोनदा वर पाहिलं. मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, “त्येची तब्येत नाजूक हाय.” मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून बसले होते.

तरी मामंजींचा धीर सुटला नव्हता. ते दिवस मोजत होते. जेठात धनगर येईल, कुत्रं नेईल, आणि मग मी बसेन, असं ते आम्हाला सकाळ-संध्याकाळ सांगत.

जेठ लागता लागता म्हातारा धनगर खरोखरच आला. सोप्यात येऊन त्यानं कोचावरचं ते दृश्य पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. मामंजींनी तक्रारींचा पाढा वाचला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “आवं, घोंगडं टाकलं म्हंजी राखणच सांगितली की तुमी त्येला,” तो म्हणाला. “मालक उचलंस्तवर त्यो हलायचा न्हाई. जीव ग्येला तरी न्हाई.” त्यानं पुढं होऊन घोंगडी उचलली आणि खांद्यावर टाकली. खंड्या त्याच क्षणी खाली उतरला, अंग झाडलं आणि चार पायांवर नीट चालत अंगणात गेला. म्हणजे पाच महिने त्या कुत्र्यानं मामंजींच्या कोचाची राखण केली होती, तीही मामंजींच्याच सांगण्यावरून. निघताना मामंजींनी खंड्यासाठी फडक्यात भाकरी बांधून दिली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत पोचवायला गेले.

परत आले तेव्हा आत्याबाई रानात गेल्या होत्या. घरात मी एकटीच, आणि मला सातवा महिना होता. मी कोच झाडून पुसून ठेवला होता. मामंजींनी पाय धुतले, नवं धोतर नेसले, टोपी नीट केली आणि कोचापुढं येऊन पाठमोरे उभे राहिले. अर्धे वाकले. पुन्हा ताठ झाले. इकडंतिकडं पाहून आणखी एकदा वाकले आणि तेवढ्यात कुणी हाक मारल्यासारखे झटकन बाजूला झाले. आता अडवायला कुणीही नव्हतं. मी दाराआडून पाहत होते आणि मला हसू येईना.

“सूनबाय,” त्यांनी हाक मारली. “हिकडं ये. बस हितं.”

सासऱ्यासमोर सुनेनं उंच बसायचे ते दिवस नव्हते. मी म्हणाले, “मामंजी, तुमी बसा की.”

“म्या बसून कसं चालंल? कुनीतरी हुबं ऱ्हायला पायजे न्हवं?”

त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा मी बसले. ते कोचाच्या उजव्या हाताशी, एक पाऊल मागं, दोन्ही हात पोटावर घेऊन उभे राहिले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “कसं लागतंय?”

“मऊ हाय,” मी म्हणाले.

“व्हय? मला वाटलंच हुतं.”

त्या दिवसापासून कोचावरची बंदी उठली. मामंजी त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगले, आणि त्या अवधीत कोचावर सगळं गाव बसून गेलं. आत्याबाईसुद्धा बसल्या, आणि आपल्याला पाटच बरा म्हणाल्या. मामंजी प्रत्येकाला मऊ लागतो का म्हणून विचारत, आणि लागतो म्हटलं की खूश होत. एकदा स्वतः टेकून बघा, असं त्यांना हात धरून सांगावं म्हणून मी कितीदा उंबऱ्यापर्यंत आले असेन. सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा कसा, म्हणून दरवेळी मागं फिरले. धरायला हवा होता, असं आता वाटतं.