वीतभर बांध आणि मार्थाचं पहिलं कम्युनियन

"त्यो लाजरस कम्युनियनला उठला, तर माझी मार्था रांगंत जानार न्हाई!"

चर्चच्या दारात शांतवनने पोरीचा हात घट्ट धरला होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायची होती. पांढऱ्या फ्रॉकातली मार्था रडकुंडीला आलेली. तिचं पहिलंच कम्युनियन होतं.

तिसगावकडच्या त्या खेड्यात मी कॅटेकिस्ट होतो. फादर महिन्यातून एकदा, शनिवारी मुक्कामाला येणार. पोरांचं धर्मशिक्षण आणि थोरांची भांडणं माझ्या गळ्यात. कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर. तिच्यात प्रत्यक्ष ख्रिस्त असतो, ही आमची श्रद्धा. मोठं पाप मनात ठेवून ती घ्यायची नाही. आधी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली.

लाजरस हा शांतवनचा थोरला भाऊ. दर नांगरटीला धाकट्याचा बांध वीतभर कोरायचा, कन्फेशनला जायचा आणि रांगेत पहिला उभा राहायचा. दुष्काळाचं साल. बांधावर कुसळ उगवत नव्हतं, भांडण मात्र हिरवंगार!

मी फादरना गाठलं. "लाजरसला आज थांबवा."

"कन्फेशनमध्ये ऐकलेलं मी बाहेर कुठेही वापरू शकत नाही, मास्तर. देवाने त्याला इच्छास्वातंत्र्य दिलंय. उठायचं की नाही, त्याने ठरवावं."

झालं! मग लाजरसकडे गेलो. "दादा, पोरीसाठी आज बसून राहा."

"का म्हनून? कालच कन्फेशन केलंया. द्येवानं माफ केलं, मंग तुमी कोन?"

"घेतलेलं परतही करावं लागतं. धड्यात आहे."

"त्यो धडा पोरांना शिकवा."

माझं डोकंच फिरलं. मिस्सेत लक्ष लागेना.

कम्युनियनची वेळ झाली. लाजरस उठला. दोन पावलं चालून त्याने मागे पाहिलं. बाकीची पोरं रांगेत होती. मार्था दाराशी, बापाच्या मुठीत. ती चुलत्याकडेच बघत होती. लाजरस थबकला, माघारी वळला आणि मान खाली घालून बसला. आमच्याकडे रांगेतून माघारी येणं म्हणजे भर गावात पाप कबूल करणं. बायका कुजबुजल्या. शांतवनने हात सोडला. मार्था पळतच पुढे गेली.

त्याच दुपारी लाजरसने पहार घेऊन बांधाचे दगड जुन्या जागी रोवले.

पुढच्या साली नांगरट झाली. बांध पुन्हा वीतभर सरकला, या खेपेला लाजरसच्या रानात. फादर आले त्या रविवारी रांगेत शांतवन पहिला! मी त्याला बाजूला घेतलं.

"कालच कन्फेशन केलंया, मास्तर."

मी कपाळावर हात मारला. इच्छास्वातंत्र्याचा धडा मी आजवर शेकडो पोरांना शिकवला. देवाने ते जरा हात राखून दिलं असतं, तर कॅटेकिस्टचं काम हलकं झालं असतं.