शिक्षण : बारा

तुमचं शिक्षण कुणी मोजलं, शाळेनं की कामानं?

नाशिकला आमच्या घरासमोर इमारत उभी राहतेय. तिथल्या कामगारांचे अर्ज मी भरून देत होते. मोठ्या मिस्त्रीची जागा रिकामी होती आणि बिहारहून आलेल्या भोलाला ती हवी होती.

"शिक्षण?" मी विचारलं.

"बारा," तो ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाला. मी झटक्यात 'बारावी' लिहिलं.

शेजारी घमेलं टेकवून बसलेल्या मंगलताई फिसकन हसल्या. "अगं बारावी कसली! बारा वर्षं मामाच्या हाताखाली विटा रचल्यात त्यानं."

"वही तो बोला," भोला लाजला. "काटो दीदी, झूठ नको."

मी खोडलं. जागा हातची जाईल, हे त्यालाही कळत होतं.

मंगलताई इथल्याच, दहावी पास. त्यांनी नकाशा वाचला म्हणून परवा खिडकी चुकीच्या भिंतीत जाता जाता राहिली. भिंत मात्र सरळ उभी आहे ती भोलामुळे.

"माझी दहा, ह्याची बारा," त्या म्हणाल्या. "बावीस झाली की गं!" आम्ही तिघंही हसलो.

शाळा प्रत्येकाला मिळायलाच हवी, त्यासाठी मी भांडत राहीन. पण ती ज्याला मिळाली नाही, त्याला अडाणी ठरवायचा हक्क कुणाला?

मी लिहिलं, 'बारा वर्षं गवंडीकाम, भिंत समोर पाहावी.' रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिलं. उद्या तो अर्ज ठेकेदाराच्या टेबलावर जाईल. तुम्ही कधी अशा टेबलामागे बसलात, तर कृपा करून समासही वाचा.