आईनं कॉलनीत शोधलेलं माझं शिक्षण

मुरब्याहून बोईसरच्या बाजाराला जाणारा सकाळचा टेम्पो माणसांचा नाहीच, पाट्यांचा. आधी मासळीच्या पाट्या चढतात, मग त्यांच्या मधल्या फटीत बायका स्वतःला बसवतात. म्हैसूरला शिकायला निघाले ती मी त्याच टेम्पोतून. माझी नवी कोरी बॅग बोंबलांच्या आणि मांदेलीच्या पाट्यांमध्ये अडकून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्यावर थोडं पाणी सांडायचं, आणि आई पदरानं ते पुसत म्हणायची, "वास नाय येणार." वास आला. हॉस्टेलवर पोचल्यावर माझ्या खोलीतल्या मुलीनं पहिल्यांदा खिडकी उघडली, मग नाव विचारलं.

बाबा त्या दिवशी बोटीवर गेले नाहीत. तांडेल माणूस, बोटीचा म्होरक्या, अंगात ताप असला तरी समुद्रावर जाणारा. बॅग खांद्यावर घेऊन ते टेम्पोपर्यंत आले, ती आत सरकवली आणि एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. मोठ्यानं बोल." टेम्पोतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला जागाही नव्हती.

हे मी मुरब्यातल्या माझ्या बायांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. सुरत, पुणे, दुबई, कुठं कुठं गेलात गं तुम्ही. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांत जो गोंधळ होतो, तो तुम्हाला वेगळा सांगायला नको. माझ्या घरचा तेवढा सांगते.

आमच्या घरी सगळे ओरडून बोलतात. आमच्या काय, अख्ख्या आळीत. बोटीचं इंजिन वर्षानुवर्षं कानाशी धडधडलं की पुरुषांचे कान जातात, आणि पुरुषांना ऐकू यावं म्हणून बायकांचे आवाज चढतात. त्यांचं ऐकून पोरं तशीच. लहानपणी मला वाटायचं बोलणं म्हणतात ते हेच. अकरावीला बोईसरच्या कॉलेजात गेले तर बाकावरची मैत्रीण म्हणाली, "भांडतेस कशाला? पेनच मागायचं आहे ना?" मग मी हळू बोलायला शिकले. त्या हळू आवाजात घरी बोलले तर बाबा काळजीनं विचारायचे, "घसा बसला काय गो?" दोन्हीकडे मी चुकीचीच.

अकरावीला सायन्स घेतलं ते मी नव्हे, आईनं. आई तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत मासे विकायची. कॉलनीत देशभरातली माणसं. आईचा तिथला अभ्यास जबरदस्त होता, पण तो अभ्यास माणसांचा, आणि करायची पद्धत मासळीवाल्या बाईची. जी बाई फक्त भाव विचारते ती तिच्या लेखी बिनकामाची. जी माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघते, पोटाला बोट दाबून बघते, ती हुशार. "जिला मासा कळतो, तिला पोर पण कळतं," असा तिचा सरळ हिशोब. आणि अशा हुशार बायका पोरांना काय शिकवतात, ते ती पाटी उतरवल्या उतरवल्या विचारून घ्यायची.

तिच्या यादीत पहिला नंबर एका बंगाली बाईंचा. आई त्यांना दीदी म्हणायची. या दीदी सरंग्याचा, म्हणजे कॉलनीवाल्यांच्या पापलेटचा, कल्ला असा उघडायच्या की आईलासुद्धा खोटं बोलायची हिंमत व्हायची नाही. त्यांचा मुलगा इंजिनियरिंगला. झालं, मी पण इंजिनियरिंगला. त्याचा जो क्लास तोच माझा, त्याची जुनी पुस्तकं माझ्याकडे. पुस्तकांत त्यानं समासात बारीक बारीक विमानं काढलेली होती. मी म्हटलं, आई, मला गणित आवडत नाही. ती म्हणाली, "आवडायला काय ते जेवण हाय?" विषय संपला.

आईला दोष देत नाही हं मी. आपल्या आयांनी शिक्षण पाहिलंच कुठून? ज्यांच्या दारात उभं राहून मासे साफ करून दिले, त्यांच्या उघड्या दारातून आत जेवढं दिसलं तेवढंच. त्या तेवढ्यावर तिनं माझ्यासाठी अख्खं आयुष्य मांडलं होतं, मनापासून.

बारावीची परीक्षा जवळ आली होती. एक दिवस दीदींनी मासा घेतला आणि कल्ला न बघताच घेतला. आईला तिथंच काहीतरी खटकलं. तिनं नेहमीप्रमाणे मुलाची चौकशी केली. दीदी दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या की मुलगा कॉलेज सोडून घरी आलाय, खोलीचं दार लावून बसतो, त्यांच्याशी बोलत नाही. आईनं आपलं मोडकंतोडकं हिंदी मधे मधे घालत त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तुमचा मुलगा चांगला आहे, होईल ठीक. तेव्हा दीदी म्हणाल्या, "मेरी बात मत सुनो अब. बेटी से पूछो. मैंने पूछा ही नहीं था."

आई घरी आली. हातपाय धुतले नाहीत, पाटी अंगणातच ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तुला काय करायचं हाय?" तिनं विचारलं.

आणि मला काही सांगताच येईना. दोन वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, आणि तिनं विचारल्यावर माझ्याजवळ एक शब्द नव्हता. काय करायचं नाही ते पाठ होतं. काय करायचंय याचा विचार मला कुणी करायला लावलाच नव्हता. आई वाट बघत बसलेली. तिला वाटलं मी रागावले आहे. मला वाटलं, आता ही म्हणेल, बघ, तुलाच नाही माहीत, कर गपचूप इंजिनियरिंग. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "नाय माहीत ना? मग बघू. न बघता आमी कोलंबीसुद्धा घेत नाय."

परीक्षा झाल्यावर त्या सुट्टीत ती मला पाटीबरोबर कॉलनीत न्यायला लागली. आळीत कुजबूज झाली, म्हणजे आपल्या आवाजातली कुजबूज, की शिकवलेल्या पोरीच्या डोक्यावर हिनं पाटी दिली. पण पाटी आईच्याच डोक्यावर असायची. मला ती बाजूला उभी करायची आणि घरातल्या माणसाला विचारायची, "तुमी दिवसभर काय करता, ते जरा हिला सांगा." लोक आधी हसायचे, मग सांगत बसायचे. एका गृहस्थांनी पाण्याच्या पाइपांबद्दल इतकं सांगितलं की आईनं त्यांना दोन मांदेल्या जास्त दिल्या. शिक्षक, नर्स, हिशोबनीस, सगळ्यांचं ऐकलं. छान वाटायचं, आणि घरी येताना काहीच आपलं वाटायचं नाही. मग एकीच्या घरी तिची भाची सुट्टीला आलेली भेटली. तिनं आईला आधी एकच प्रश्न केला, "मावशी, तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येतं का? तुम्ही फार जोरात बोलता."

आई भडकली. "माझे कान चांगले हायत. नवऱ्याचे गेलेत, इंजिनानं."

ती मुलगी म्हैसूरला हेच शिकत होती. ऐकण्याचं शास्त्र. इंजिनाच्या आवाजानं कानात आत नेमकं काय मरतं, ते तिनं जिन्यातच बसून मला हाताच्या बोटांनी दाखवलं. ते गेलं की परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं, आणि यंत्र लावून वापरता येतं. मी विचारत सुटले. तरुण खलाशांचं काय करता येईल, एक कान गेला तर दुसरा का जातो, यंत्र खाऱ्या हवेत टिकतं का. माझा आवाज चढला होता, घरच्यासारखा, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पाटीतला बर्फ वितळून जिन्यावरून पाणी खाली चाललं होतं. मासळी थांबवून आई कधी कुणासाठी उभी राहिली नव्हती. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि निम्मा माल पडत्या भावानं विकून आली.

आता बाबा. बाबांचा बेत तिसराच होता. बोईसरमध्येच बीएस्सी करायचं आणि औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये लागायचं. सकाळी जा, सांच्याला घरी. म्हैसूर ऐकल्यावर ते म्हणाले, "तिकडं समुद्र नाय. माणसं खातात काय?" मग म्हणाले, "कानाचं शिकायला एवढं लांब? इथं काय लोकांना कान नायत?" आई त्यांच्यावर ओरडली, ते तिच्यावर ओरडले. आमचं घरातलं भांडण म्हणजे आळीची सभाच, कारण सगळ्यांना सगळं ऐकू जातं. शेजारची काकू स्वतःच्या ओट्यावरून आमच्या बाजूनं बोलायची, समोरचे आजोबा बाबांच्या बाजूनं. प्रवेशपरीक्षेत मी पास झाले, म्हैसूरला जागा मिळाली, तरी सभा चालूच.

एका दुपारी जाळं विणत बसलेल्या बाबांजवळ मी जाऊन बसले. ते मान वर न करता म्हणाले, "गेलेली पोर परत येत नाय." त्यांच्या मानानं ते फार हळू बोलले. खरं कारण ते होतं. मी म्हटलं, येईन. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, त्यांनी परत विचारलं नाही. आणि बाबा खरं बोलले होते. राहायला मी परत गेले नाही. शिक्षण झालं, म्हैसूरलाच क्लिनिकमध्ये लागले, तिथंच लग्न केलं.

आता दिवसभर मी लोकांच्या कानाला हेडफोन लावून विचारते, "केळिस्ताइदेया?", ऐकू येतंय का. ऐकण्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम, यंत्राची ट्रायल, कानाच्या साच्याचा मोल्ड, हे माझे रोजचे शब्द. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करते. माझ्या नवऱ्याच्या घरी इतक्या हळू आवाजात बोलतात की पहिले महिनाभर मला वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे. आठवण सगळ्यात जास्त कशाची येते सांगू? ताज्या माशाची येतेच, पण त्याहून जास्त, कुणीतरी लांबून नाव घेऊन ओरडण्याची. म्हैसूरमध्ये माझं नाव कुणी ओरडत नाही.

बाबांना मी यंत्र बसवून दिलं. पहिल्या दिवशी ते ओट्यावर बसून पाखरांचे आवाज ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "तुझी आई एवढी बोलते ते मला माहीत नव्हतं." आता मासळीच्या लिलावाला जाताना घालतात, घरी काढतात. बोटीवरच्या पोरांना मात्र कानात बोळे घालायला तेच दम भरतात. माझं कुणी ऐकलं नसतं, तांडेलाचं ऐकतात.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा मी मुरब्याला जाते. आईनं तेव्हा ओट्यावर दहावी-बारावी झालेल्या पोरी जमवलेल्या असतात. बाजारात बायका तिला विचारतात, तुझ्या पोरीनं केलं तेच आमच्या पोरीला लावू काय. ती सांगत नाही. म्हणते, "पोरीला घेऊन ये."

यंदा एक मुलगी आली, आईवडिलांच्या मध्ये बसून. वडील अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. त्यांचं म्हणणं आयटीआय कर, आत नोकरी पक्की. तिच्या आईचं म्हणणं नर्सिंग, लग्नालाही बरं पडतं. दोघं आळीपाळीनं मला पटवत होते आणि पोरगी चटईची काडी सोलत होती. मी तिला विचारलं. तिनं आधी वडिलांकडे बघितलं, मग आईकडे. दोघंही उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात माझी आई म्हणाली, "तुमी गप रावा."

मग आम्ही सगळे बसलो. मुरब्यात एवढी माणसं एका ओट्यावर गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. शेवटी मुलगी म्हणाली, "मला अजून नाय माहीत."

वडील कळवळून म्हणाले, "अगो, पण प्रवेशाची तारीख निघून जाईल."

"तारीख त्यांची हाय, पोर आपली हाय," आई म्हणाली. आणि त्या मुलीकडे वळून, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माहीत नाय तर नाय. फिर, बघ, चार माणसांना विचार. कळलं की येऊन सांग. आमी हाय इथंच."

मुलीच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आणि माझं काय झालं म्हणाल, तर तिथंच डोळे भरून आले. घर कुठं, असं म्हैसूरला कुणी विचारलं की मी पालघरजवळ म्हणून सांगते, त्यांना कळावं म्हणून. पण घर म्हणजे माझ्यासाठी आता आई त्या दिवशी जे बोलली, तेवढंच. आमी हाय इथंच.